दुसरी चिठ्ठी : दोन खासदारांच्या मतदारसंघाची दहा वर्षे

(सोलापूर येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निवडणुकीच्या इतिहासावर बोलायचे म्हटले की श्रोते सावध होतात. वक्ता कोणत्या पक्षाचा, कोणाची बाजू मांडणार, असा प्रश्न मनात येतो. म्हणून आरंभीच सांगतो, आजचा विषय पक्षाचा नाही. तो एका व्यवस्थेचा आहे. ही व्यवस्था आपल्या देशात जेमतेम दहा वर्षे नांदली आणि अशी पुसली गेली, की आज सोलापुरातील पन्नाशीच्या माणसालाही तिचा मागमूस नाही. १९५२ ते १९६२ या काळात आपले सोलापूर लोकसभेवर एक नव्हे, दोन खासदार पाठवीत असे. मतदारसंघ एकच, मतदारयादी एकच. प्रत्येक मतदाराला मते मात्र दोन. मुंबईच्या गिरणगावातही असाच एक मतदारसंघ होता, आणि तो तर अवघ्या एका निवडणुकीपुरता जगला. त्या एका निवडणुकीत मात्र त्याने असा निकाल दिला, की त्याची सल महाराष्ट्राच्या मनातून अजून गेलेली नाही.

या विषयाकडे मी ग्रंथांच्या वाटेने आलो नाही. माझे आजोबा सोलापुरातील एका गिरणीत कामगार होते. अखेरच्या आजारपणात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. आज ती आपल्यासमोर ठेवणार आहे. परंतु तिचा अर्थ नीट कळण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

दोन चिठ्ठ्या, अनेक पेट्या

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला आणि अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण आरंभिले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह सोडला. त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांतील ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या. प्रतिनिधी अस्पृश्य समाजाचा असेल, पण त्याला सर्व हिंदू समाज मिळून निवडील, हे कराराचे सार होते. एका अर्थाने तो सवर्ण समाजावर टाकलेला विश्वास होता. त्या विश्वासाचे पुढे काय झाले, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेने संयुक्त मतदारसंघांचे तेच तत्त्व स्वीकारले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत राखीव जागांसाठी मुख्यतः जी पद्धत योजली गेली, ती आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ आखले गेले. त्यांपैकी ३१४ एका सदस्याचे, ८६ दोन सदस्यांचे आणि उत्तर बंगालमधील एक तीन सदस्यांचा होता. द्विसदस्य मतदारसंघात सामान्यतः एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जाती अथवा जमातीसाठी राखीव असे. १९५७ साली अशा मतदारसंघांची संख्या ९१ झाली.

मतदानाची रीतही निराळी होती. आजच्यासारखे यंत्र नव्हते, शिक्का मारायची मतपत्रिकाही नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. या पेट्यांपैकी कितीतरी मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. मतदाराच्या हाती कोरी चिठ्ठी दिली जाई. आडोशामागे जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत ती टाकायची. अक्षरशत्रू मतदारासाठी सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने काढलेली ही सोय होती. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला लोकसभेच्या दोन चिठ्ठ्या मिळत.

आता कायद्यातील एक बारकावा लक्षात घ्या, कारण सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यात बहुसदस्य मतदारसंघांतील मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. अल्पसंख्य असलेल्या समाजाला आपली शक्ती एकवटण्याची ती मुभा होती. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ती मुभा काढून घेतली. जितक्या जागा तितकी मते, परंतु एका उमेदवाराला एकच मत, असा नियम झाला. याचा अर्थ, दुसरी चिठ्ठी दुसऱ्याच कोणाला तरी द्यायची, नाहीतर वाया घालवायची. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास त्यांतली एक बाद.

मोजणीचा क्रमही सांगून ठेवतो. राखीव वर्गातील उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते, तो राखीव जागेवर विजयी. त्याला बाजूला काढल्यावर उरलेल्या सर्वांत, मग ते कोणत्याही जातीचे असोत, ज्याला सर्वाधिक मते, तो दुसऱ्या जागेवर विजयी.

मुंबई शहर उत्तर

१९५२ साली मुंबई शहरात लोकसभेचे दोन मतदारसंघ होते. दक्षिणेत स. का. पाटील निवडून आले. गिरणगाव आणि त्याच्या आसपासची दाट कामगार वस्ती ज्यात होती, तो ‘मुंबई शहर उत्तर’ दोन सदस्यांचा होता. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे ते येथून राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी त्यांचे सहकार्य होते आणि त्या पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेचे उमेदवार होते. काँग्रेसने विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर यांना उभे केले. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगेही रिंगणात होते.

निकालाचे आकडे मी मुद्दाम सावकाश वाचतो. विठ्ठल गांधी १,४९,१३८. अशोक मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. डॉ. आंबेडकर १,२३,५७६. डांगे ९६,७५५.

पहिली गंमत पाहा. अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते अधिक मिळाली, तरी मेहता पराभूत आणि काजरोळकर विजयी. राखीव जागेच्या नियमानुसार ते योग्यच होते, परंतु सामान्य मतदाराला हे समजावून सांगणे कठीण होते. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पराभूत झाले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्याच घटनेखाली झालेल्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेबाहेर राहिला. पुढे त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

या पराभवाची कारणे अनेकांनी अनेक परींनी सांगितली आहेत. काँग्रेसची लाट, नेहरूंचा प्रभाव, फेडरेशनची तुटपुंजी साधने, ही सगळी खरीच. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध अर्जही केला. मतदारांनी दुसरे मत वाया घालवावे असा प्रचार डांगे व इतरांनी केला, ही त्यांची तक्रार होती. सुमारे ७४ हजार मते बाद ठरली होती, आणि बाबासाहेबांच्या पराभवाचे अंतर त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढेच होते. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. तो अध्याय कायद्याच्या दृष्टीने तेथेच संपला.

परंतु मला दुसराच हिशेब अस्वस्थ करतो. अशोक मेहता आणि डॉ. आंबेडकर ही एक जोडी. मेहतांपेक्षा बाबासाहेबांना १६,१६५ मते कमी पडली. गांधी आणि काजरोळकर ही दुसरी जोडी. तेथेही गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमी. दोन्ही छावण्यांत राखीव जागेचा उमेदवारच मागे राहिला. मतपेटी कोणाच्या मनातले सांगत नाही, म्हणून याचे सारे खापर मी एकाच कारणावर फोडणार नाही. काहींनी पहिल्या चिठ्ठीनंतर दुसरी कोठे टाकायची हे न कळून चूक केली असेल. काहींनी जोडी मोडून आपल्या आवडीची माणसे निवडली असतील. पण मेहता आणि आंबेडकर यांच्या मतांतील तूट १६ हजारांची आणि बाबासाहेबांचा पराभव साडेचौदा हजारांचा, हे दोन आकडे शेजारी ठेवले की मान खाली जाते. मेहतांच्या पेटीपर्यंत गेलेला हात शेजारच्या पेटीपर्यंत का गेला नाही, हा प्रश्न आपल्याच घराला विचारायचा आहे.

भंडाऱ्याची आठवण

१९५४ साली भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तोही द्विसदस्य मतदारसंघ. पुन्हा बाबासाहेब राखीव जागेवर, पुन्हा अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. त्या वेळच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. फेडरेशनच्या मतदारांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे ‘जाळावे’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लाभ होणार नाही, अशी सूचना कार्यकर्त्यांनी केली. गणिताच्या दृष्टीने ती चूक नव्हती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. आपण घटना बनविणाऱ्यांपैकी एक आहोत. पराभव पत्करू, परंतु मत वाया घालवा असे मतदाराला सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. ज्याच्याविरुद्ध समाजाने दुसरी चिठ्ठी राखून ठेवली, त्यानेच दुसऱ्या चिठ्ठीचे पावित्र्य राखले. लोकशाहीवरची निष्ठा याहून वेगळी काय असते?

सोलापूरचा निकाल

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूरचे आणि बाबासाहेबांच्या चळवळीचे नाते जुने. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह काढले होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचे हे गाव. १२ जानेवारी १९३१ रोजी ते येरवड्याला एकत्र फासावर गेले. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चार भाषा एकाच चाळीत नांदवणारे हे गिरणीकामगारांचे आणि विणकरांचे शहर.

१९५२ साली याच सोलापूरने मुंबईच्या नेमका उलट कौल दिला. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पांडुरंग नाथूजी राजभोज निवडून आले. काँग्रेसच्या लाटेच्या त्या वर्षी सोलापूरच्या दोन्ही जागा काँग्रेसेतर पक्षांकडे गेल्या. फेडरेशनला त्या निवडणुकीत सबंध देशात लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. एक हैदराबाद संस्थानाच्या भागात करीमनगरची, दुसरी आपली सोलापूरची. पक्षाचा सर्वोच्च नेता मुंबईत पडला आणि त्याचा सरचिटणीस सोलापुरातून लोकसभेत गेला.

राजभोज कोण होते, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. ते नाशिक जिल्ह्यातील चर्मकार समाजाचे. १९२९ साली पुण्यात पर्वती मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला, त्याच्या अग्रभागी ते होते आणि त्यांनी तेथे मारही खाल्ला. गंमत अशी, की मुंबईत बाबासाहेबांना हरविणारे काजरोळकर हेही चर्मकार समाजाचेच. तेव्हा अमुक जात अमुक पक्षाची, हे आज सर्रास मांडले जाणारे गणित तेव्हाही खरे नव्हते. माणसे आपापल्या मताने आपापल्या मार्गांनी गेली. काजरोळकरांना केवळ ‘आंबेडकरांना पाडणारा’ म्हणून हिणविणे हाही अन्यायच आहे.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात झाली. सोलापुरातून जयवंतराव घनश्याम मोरे आणि राखीव जागेवर काँग्रेसचे तायप्पा हरी सोनवणे निवडून आले. मतदाराने पुन्हा एकवार आपल्या दोन चिठ्ठ्यांचे दोन निरनिराळे निर्णय केले. मुंबईत त्या वेळी सीमा बदलल्या होत्या. ‘मुंबई शहर उत्तर’ हे नाव उरले, पण त्या नावाखाली आता एकच सदस्य निवडला जाणार होता आणि तेथून व्ही. के. कृष्ण मेनन लोकसभेत गेले. गिरणगावाचा नवा द्विसदस्य मतदारसंघ ‘मुंबई शहर मध्य’ या नावाने आला. तेथे कोण निवडून आले? सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्ट डांगे आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने! ज्या डांग्यांच्या प्रचाराविरुद्ध बाबासाहेबांनी अर्ज केला होता, त्यांच्याच शेजारी बाबासाहेबांच्या पक्षाचा उमेदवार समितीच्या झेंड्याखाली उभा राहिला आणि जिंकला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. हे पाहायला ते नव्हते. राज्याच्या एका मागणीने माणसे जवळ आणली, की दुसरी चिठ्ठीही आपसूक योग्य पेटीत पडते, एवढा बोध मात्र त्यातून घेता येतो.

पार्वतीपुरमचा धडा

मग ही पद्धत गेली का? आंध्रातील पार्वतीपुरम हा द्विसदस्य मतदारसंघ. तेथील एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. १९५७ साली केंद्रीय मजूरमंत्री राहिलेले व्ही. व्ही. गिरी तेथून सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. मतमोजणीत जमातीचे दोन उमेदवार पहिल्या दोन क्रमांकांवर आले. एक राखीव जागेवर आणि दुसरे, दिप्पल सुरी डोरा, सर्वसाधारण जागेवर विजयी घोषित झाले. गिरी न्यायालयात गेले. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की राखीव जागा ही किमान हमी आहे, ती कमाल मर्यादा नव्हे. अनुसूचित जमातीचा उमेदवार सर्वसाधारण जागेवरही निवडून येऊ शकतो. निर्णय कायद्याने आणि न्यायाने निर्विवाद योग्य होता.

पण राजकीय पक्षांच्या पोटात गोळा आला. दोन्ही जागा राखीव वर्गाकडे जाऊ शकतात, ही शक्यता अनेकांना झोंबली. शिवाय तक्रारी होत्याच. मतदारसंघ अवाढव्य, उमेदवाराचा खर्च दुप्पट, दोन खासदारांत उत्तरदायी कोण याचा घोळ. १९६१ साली संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा केला. १९६२ च्या निवडणुकीत लोकसभेच्या सर्व ४९४ जागा एकेका सदस्याच्या झाल्या.

आपल्याकडे त्याचा परिणाम असा झाला, की सोलापूर सर्वसाधारण झाले आणि शेजारी पंढरपूर राखीव झाले. सोलापुरातून मादेप्पा बंडप्पा काडादी, तर पंढरपुरातून तायप्पा सोनवणे निवडून आले. मुंबईत ‘शहर मध्य’चे दोन तुकडे पडले. त्यांतून १९५२ चीच जोडी, विठ्ठल गांधी आणि काजरोळकर, परत आली. पण आता दोघे दोन स्वतंत्र मतदारसंघांचे होते. पंढरपूर २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत टिकले. त्यानंतर माढा आले आणि सोलापूर स्वतःच राखीव झाले. २००९ ला सुशीलकुमार शिंदे, २०१४ ला शरद बनसोडे, २०१९ ला जयसिद्धेश्वर महास्वामी आणि २०२४ ला प्रणिती शिंदे येथून लोकसभेत गेले.

आजोबांची चिठ्ठी

आता आजोबांची गोष्ट. १९५२ साली ते तिशीत होते. पहाटे पाळी संपवून, आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून ते मतदानाला गेले. आयुष्यातले पहिलेच मत. दोन चिठ्ठ्या हातात आल्या. आडोशामागे गेल्यावर त्यांनी एक चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकली. दुसरी टाकायची होती ती राखीव जागेच्या उमेदवाराला. आदल्या रात्री गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, ‘‘आपलं एक मत द्यायचं. दुसरं कशाला? त्यांचं ते बघून घेतील.’’ आजोबांनी दुसरी चिठ्ठी बंडीच्या खिशात घातली, घरी आणली आणि चुलीत टाकली.

‘‘ज्याच्या बाजूला उभं राहून आठ तास मी साचा चालवायचो,’’ ते मला म्हणाले, ‘‘त्याच्या माणसाला मत द्यायला माझा हात धजला नाही. तो पाणी मागायचा तेव्हा वरून ओतायचो, तसंच हे.’’ क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, ‘‘सत्तावन्नला दोन्ही चिठ्ठ्या टाकल्या. पण पहिली गेली ती गेलीच.’’ राजभोज त्या निवडणुकीत आजोबांच्या मताविना निवडून आले. आजोबांचे मन मात्र पन्नास वर्षे त्या चुलीपाशी अडकून राहिले.

पुणे कराराने आपल्या समाजावर जो विश्वास टाकला होता, त्याची परीक्षा दुसऱ्या चिठ्ठीतच होती. पहिली चिठ्ठी आपल्या आवडीची, दुसरी आपल्या बंधुत्वाची. १९६१ नंतर दुसरी चिठ्ठी गेली आणि परीक्षाही झाकली गेली. आज राखीव मतदारसंघात सर्वच उमेदवार अनुसूचित जातीचे असतात, त्यामुळे मतदाराच्या मनातली दुसरी चिठ्ठी कोणाला दिसत नाही. ती गेलेली मात्र नाही. नगरसेवक निवडताना, सोसायटीचा अध्यक्ष निवडताना, भाड्याने घर देताना, मुलीचे स्थळ पाहताना ती रोज आपल्या हाती असते.

एक गोष्ट व्यवहाराचीही सांगतो. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद केली. महिला आरक्षणाच्या चर्चेत या शतकाच्या पहिल्या दशकात द्विसदस्य मतदारसंघांची कल्पना पुढे आली होती. उद्या पुन्हा येऊ शकते. तेव्हा विरोध किंवा समर्थन करण्याआधी ९१ मतदारसंघांचा तो दहा वर्षांचा अनुभव अभ्यासावा. सोलापूरकरांना तर तो घरचाच आहे. नियम कितीही कसोशीने लिहिले, तरी दुसरी चिठ्ठी टाकणारा हात समाजाचाच असतो, हे विसरून चालणार नाही.

बंधू-भगिनींनो, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा आपण म्हणतो, हे साऱ्या सोलापूरचे आहेत. तो शब्द मतपेटीपाशी, पाणवठ्यापाशी आणि उंबरठ्यापाशीही खरा व्हावा. आजोबांनी चुलीत टाकलेली चिठ्ठी मला परत आणता येणार नाही. पण माझ्या हाती आलेली मी जाळणार नाही, एवढे तरी आपण प्रत्येकाने ठरवू या.